भूक, संप्रेरके आणि खाण्याचे आजार



म्हैस वेळेवर माजावर आली नाही, तर जाणता शेतकरी आधी तिच्या बरगड्यांकडे पाहतो. उन्हाळ्यात वैरण कमी पडली आणि अंगावरचे मांस उतरले, की म्हैस असो वा कालवड, माज दाखवीत नाही. हे आपल्या आजा-पणजांनाही ठाऊक होते. गुरांचा डॉक्टर येतो, तोही प्रथम विचारतो, "ओला चारा किती घालता? पेंड देता का? क्षार-मिश्रण चालू आहे का?" कारण अंगात कस नसताना नुसते इंजेक्शन टोचून जनावर गाभण राहत नाही. निसर्गाचा हिशेब सरळ आहे. जिथे आईच्याच पोटाला पुरत नाही, तिथे वासराचा भार तो घेऊ देत नाही. हा हिशेब शरीरात ज्या रसांच्या हातून चालतो, त्यांना संप्रेरके म्हणतात. दवाखान्यात आपण 'हार्मोन' हा शब्द ऐकतो तो याच अर्थाने.

माणसाच्या शरीरातही हाच हिशेब चालतो. परंतु गोठ्यात जी गोष्ट आपल्या चटकन लक्षात येते, ती घरात पुष्कळदा येत नाही. समजा, नववी-दहावीतली मुलगी ताटातली भाकरी अर्धी टाकू लागली. मग भात सोडला. मग "मी शाळेत खाल्ले" असे सांगू लागली. सहा महिन्यांत तिचे कपडे ढगळ झाले आणि पाळी बंद झाली. घरची माणसे काळजीत पडतात ती पाळीच्या. कोणी पाळी आणणाऱ्या गोळ्या आणतो, कोणी ताकदीचे टॉनिक, कोणी म्हणतो थायरॉइड असेल, आणि कोणी हळूच बाहेरची बाधा काढणाऱ्याचा पत्ता देतो. मूळ आजाराकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि मुलगी मात्र दिवसेंदिवस खंगत जाते. खाण्याचे हे आजार मनाच्या आजारांपैकी सर्वांत जास्त जीव घेणाऱ्या आजारांत मोडतात. म्हणून त्यांची, आणि त्यांत संप्रेरकांचा वाटा काय याची, नीट ओळख करून घेणे आपल्या हिताचे आहे.

आजाराची तीन रूपे

पहिल्या रूपाला वैद्यकशास्त्रात 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हणतात. यात माणूस जाणूनबुजून खाणे तोडत जातो. वजन धोक्याच्या खाली गेले तरी आपण लठ्ठच आहोत असे त्याला वाटत राहते. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी हे नाव १८७३ साली दिले आणि त्याच वर्षी पॅरिसच्या लासेग यांनीही याच आजाराचे वर्णन केले. दुसरे रूप 'बुलिमिया'. यात माणूस एका बैठकीत भरमसाट खातो आणि नंतर घशात बोटे घालून ओकतो, जुलाबाच्या गोळ्या घेतो किंवा दोन दिवस कडकडीत उपाशी राहतो. त्याचे स्पष्ट वर्णन जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली लंडनमध्ये केले. तिसरे रूप ताबा सुटून अति खाण्याचे. यात ओकणे वगैरे नसते, पण खाऊन झाल्यावर शरम आणि पश्चात्ताप मनाला जाळीत राहतो. २०१३ पासून अमेरिकेतील मानसोपचार तज्ज्ञांच्या आजार-सूचीत यालाही स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

हे आजार बहुधा वयात येताना सुरू होतात. मुलींत ते अधिक दिसतात, पण मुलगे यातून सुटलेले नाहीत. हे फक्त शहरातल्या श्रीमंतांचे चोचले आहेत, असा समजही कोणी करून घेऊ नये. शिक्षणासाठी वसतिगृहात गेलेली, लग्न जुळवताना "जरा जाड दिसते" हे शब्द ऐकलेली, मोबाईलवर दिवसभर बारीक अंगाची चित्रे पाहणारी मुले-मुली आज खेड्यांतही आहेत.

संप्रेरक म्हणजे काय?

इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ साली 'हार्मोन' हा शब्द रूढ केला. 'चेतवणारा' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तो घेतलेला आहे. शरीरातील ग्रंथी हे रस थेट रक्तात सोडतात आणि रक्ताबरोबर ते दूरच्या अवयवांपर्यंत निरोप घेऊन जातात. कालव्याचा पाटकरी कोणाच्या शेताला कधी आणि किती पाणी सोडायचे ते ठरवतो, तसे मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस नावाचे केंद्र आणि त्याच्या खाली लोंबणारी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी मिळून थायरॉइड, मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आणि स्त्रियांची बीजकोशे यांना हुकूम देतात. वाढ, पाळी, शरीराची ऊब, हाडांची मजबुती आणि भूक या सर्वांवर या हुकमांचा अंमल असतो.

वैद्यकातील एक जुना गैरसमज

१९१४ साली जर्मनीतील हॅम्बुर्गचे डॉक्टर मॉरिस सिमंड्स यांनी एका मृत स्त्रीची तपासणी प्रसिद्ध केली. बाळंतज्वरानंतर तिची पाळी थांबली होती, शक्ती गेली होती आणि मृत्यूनंतर तिची पीयूषिका ग्रंथी नष्ट झालेली आढळली. या शोधामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षे अनेक डॉक्टर असे मानू लागले, की हाडे दिसेपर्यंत वाळलेली आणि पाळी बंद झालेली प्रत्येक मुलगी याच ग्रंथीच्या रोगाने आजारी असणार. जेवण सोडलेल्या पुष्कळ मुलींवर मग जनावरांच्या ग्रंथींच्या अर्काचे उपचार झाले. मुलीच्या मनातील भीतीकडे आणि तिच्या ताटाकडे पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली.

ब्रिटनमधील डॉक्टर हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ पासून या प्रश्नाचा छडा लावला. बाळंतपणात फार रक्तस्राव झाला तर पीयूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती मरू शकते, हे त्यांनी दाखवले. पण अशा स्त्रिया बहुधा वाळून काटकी होत नाहीत, हेही त्यांच्या कामातून १९४९ पर्यंत स्पष्ट झाले. त्या सुस्त होतात, काखेतले केस जातात, अंगावर दूध येत नाही. उलट जेवण सोडलेली मुलगी वाळते, पण सुस्त नसते. ती सारखी धावपळ करते आणि तिच्या हातापाठीवर उलट बारीक लव उगवते. थोडक्यात, तिची ग्रंथी मेलेली नसते. अन्न मिळत नाही म्हणून ग्रंथीने कारभार आवरता घेतलेला असतो.

येथे आपल्या माता-भगिनींसाठी एक सूचना. बाळंतपणात अतिशय रक्त गेले, नंतर दूध आले नाही आणि महिनोन्महिने पाळी व ताकद परतली नाही, तर तो शीहान यांनी वर्णिलेला खरा ग्रंथीचा रोग असू शकतो. त्याला मात्र संप्रेरकांच्या गोळ्याच लागतात आणि त्या जन्मभर घ्याव्या लागतात. दोन आजार वरून सारखे वाटले तरी उपचार वेगळे असतात. म्हणून तपासणीशिवाय औषध घेऊ नये.

मिनेसोटातील छत्तीस तरुण

निरोगी माणसाला नुसते अर्धपोटी ठेवले तर काय होते, याची सर्वांत काटेकोर परीक्षा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अ‍ॅन्सेल कीज यांनी केली. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील लक्षावधी लोक उपाशी होते. त्यांना पुन्हा सशक्त कसे करावे हे शिकायचे होते. छत्तीस तरुण स्वखुशीने पुढे आले. शस्त्र हाती धरणे आपल्या सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून त्यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला होता, आणि त्यांतील बरेचसे क्वेकर, मेनोनाइट व ब्रदरन या शांतिवादी ख्रिस्ती पंथांचे होते. बंदूक न उचलता उपाशी माणसांच्या कामी यावे, ही त्यांची भावना होती.

त्यांना चोवीस आठवडे दिवसाला सुमारे १५७० कॅलरींचे जेवण दिले; बटाटे, कोबी, सलगमासारखे कंद, पाव असे. आठवड्याला बावीस मैल चालणे सक्तीचे होते. त्यांचे वजन सरासरी चौथ्या हिश्शाने घटले. नाडी मिनिटाला चाळीसच्याही खाली आली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, पाय सुजले, स्त्रियांविषयीचे आकर्षण नाहीसे झाले. ध्यानीमनी फक्त अन्न उरले. जे कधी चुलीजवळ गेले नव्हते ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटातला घास तास-तासभर चिवडत बसू लागले. काही चिडखोर तर काही अगदी उदास झाले, आणि एकाने लाकूड फोडताना स्वतःची बोटे तोडून घेतली. पुढे पोटभर अन्न मिळू लागले तेव्हा काहींची भूक महिनोन्महिने शमेना. पोट फुटेस्तोवर खाऊनही समाधान होईना.

कीज यांचे दोन खंडांचे पुस्तक १९५० साली निघाले. त्यातून खाण्याच्या आजारांबाबत मोठा बोध मिळाला. अन्नाचा ध्यास, चिडचिड, एकलकोंडेपणा, घास चिवडणे, मग एकदम तुटून पडणे, यांतील पुष्कळसे 'स्वभावाचे' नसून उपासमारीचेच परिणाम असतात. म्हणून खंगलेल्या मुलीला आधी "तू अशी का वागतेस?" असे विचारून फारसा उपयोग होत नाही. उपाशी मेंदूला समजूत पटत नाही. त्याला आधी अन्न लागते.

भूक आणि तृप्ती यांचे निरोपे

कीज यांच्या काळी भुकेची संप्रेरके माहीत नव्हती. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी 'लेप्टिन' शोधले. ते आपल्या चरबीतून निघते. कणगी भरलेली असली की लेप्टिन भरपूर असते आणि मेंदूला "साठा पुरेसा आहे" असा निरोप जातो. चरबी घटली की लेप्टिन घटते आणि मेंदू दुष्काळ पडला असे समजून चालतो. १९९९ साली जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून निघणारे 'घ्रेलिन' शोधले. ते जेवणाआधी वाढते आणि भूक चेतवते. आतड्यातून निघणारे कोलेसिस्टोकायनिन आणि जीएलपी-१ ही संप्रेरके उलट "आता पुरे" असे सांगतात.

अ‍ॅनोरेक्सियाच्या रोग्यांचे रक्त तपासले तर लेप्टिन फार कमी आणि घ्रेलिन वाढलेले आढळते. म्हणजे शरीर "खा, खा" म्हणून आक्रोश करीत असते, पण भीतीने ताबा घेतलेले मन ती हाक मानीत नाही. 'अ‍ॅनोरेक्सिया' याचा शब्दशः अर्थ 'भूक नसणे'. तो या आजाराला नीटसा लागू पडत नाही. मुलीला भूक असते आणि ती भुकेशी रात्रंदिवस झुंजत असते. "हिला भूकच लागत नाही, भूक वाढवण्याचे औषध द्या" ही मागणी म्हणूनच निष्फळ ठरते.

आणखी एक विलक्षण गोष्ट. पिंजऱ्यातील उंदराला थोडेच खाऊ घातले आणि पळायला चाक दिले, तर तो विसावा घेण्याऐवजी अधिकच पळतो. त्याला लेप्टिन टोचले की ही धावपळ कमी होते. निसर्गात उपाशी प्राणी अन्नाच्या शोधात भटकतो. तीच प्रेरणा यामागे असावी असे शास्त्रज्ञ मानतात. वाळलेली मुलगी पहाटे उठून अंगण झाडते, पायऱ्या चढ-उतर करते, बसायला सांगितले तर अस्वस्थ होते. ते कामसूपण नव्हे. आजाराचाच तो एक भाग असतो. तिच्या कामाचे कौतुक करून आपण नकळत आजाराला खतपाणी घालतो.

बुलिमियात निरोप दुसऱ्या टोकाला चुकतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की या रोग्यांत जेवणानंतर कोलेसिस्टोकायनिन अपेक्षेपेक्षा कमी वाढते, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव कमी होते. उपचारानंतर काहींमध्ये हा दोष सुधारला. उपाशी राहायचे, मग तुटून पडायचे आणि मग ओकायचे, या रहाटगाडग्यात हे निरोपे बिघडत जातात.

मग आजाराचे मूळ मनात की शरीरात? २०१९ साली अनेक देशांतील सुमारे १७,००० अ‍ॅनोरेक्सिया रोग्यांची आनुवंशिक तपासणी प्रसिद्ध झाली. तीत मनाच्या आजारांशी जोडलेले धागे सापडले, तसेच साखर, चरबी आणि वजन यांच्या नियमनाशी जोडलेलेही सापडले. म्हणजे काही मुले जन्मतःच अशी जमीन घेऊन येतात. त्यात डाएटचे, टोमण्यांचे किंवा दुःखाचे बी पडले की आजार उगवतो. यात मुलीचा हट्ट किंवा आई-बापांचे पाप शोधत बसू नये.

दुष्काळात शरीर काय काय आवरते?

साठा संपत आला की शरीर एकेक खर्च कमी करते. थायरॉइडचा कामाचा रस उतरतो. त्यामुळे थंडी वाजते, बद्धकोष्ठ होतो, नाडी मंदावते. पीयूषिका बीजकोशांना हुकूम देणे थांबवते, इस्ट्रोजेन घटते आणि पाळी बंद होते. मुलग्यांत टेस्टोस्टेरॉन घटते. ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढते. वाढीचे संप्रेरक रक्तात असते, पण यकृत त्याला दाद देत नाही, म्हणून उंची खुंटते.

या सर्वांची सर्वांत जबर किंमत हाडे मोजतात. आयुष्यभराची हाडांची पुंजी मुख्यतः बारा ते वीस या वयात साठते. नेमक्या त्याच वर्षांत इस्ट्रोजेन नाही, पोषण नाही आणि कॉर्टिसॉल वाढलेले, अशी स्थिती झाली तर पंचविशीतली मुलगी सत्तरीतल्या आजीची हाडे घेऊन वावरते. वजन पुढे भरून आले तरी ही तूट नेहमीच पूर्ण भरून निघत नाही. म्हणून "वय झाले की सुधारेल" असे म्हणून वर्षे घालवू नयेत.

बाहेरून संप्रेरक दिले तर?

प्रश्न साहजिक आहे. जे कमी पडले ते गोळीने का भरू नये? याचे उत्तर प्रत्येक संप्रेरकाबाबत वेगळे आहे.

थायरॉइडच्या गोळ्या : उपासमारीने उतरलेल्या थायरॉइडवर त्या देऊ नयेत. शरीराने जपून ठेवलेली शिदोरी त्या अधिक वेगाने जाळतात आणि हृदयावर ताण आणतात. वजन घटवण्यासाठी चोरून या गोळ्या घेणे तर फार धोक्याचे आहे.

पाळीच्या गोळ्या : त्यांनी दरमहा रक्तस्राव होतो खरा, पण तो गोळीने घडवलेला असतो. घरच्यांना वाटते मुलगी सुधारली, आणि हाडे मात्र झिजतच राहतात. तोंडाने घेतलेल्या या गोळ्यांनी अ‍ॅनोरेक्सियात हाडे सावरत नाहीत, असे अभ्यासांतून आढळले आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील डॉ. मधुस्मिता मिश्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवले, की त्वचेवर लावायच्या पट्टीतून नैसर्गिक इस्ट्रोजेन दिले तर मुलींच्या हाडांची घनता वाढते. हा उपाय काही निवडक रोग्यांत तज्ज्ञ वापरतात. तरीही वजन भरून येणे हाच हाडांचा पहिला उपचार आहे.

लेप्टिन : २००४ साली, चरबी घटल्यामुळे पाळी थांबलेल्या आठ स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शने देण्यात आली. काहींची पाळी परतली, पण भूक मंदावून वजन आणखी उतरू लागले. नंतर २०२० पासून जर्मनीतील डॉक्टरांनी अगदी थोड्या अ‍ॅनोरेक्सिया रोग्यांत लेप्टिनसारखे औषध थोडे दिवस वापरून मनाची उदासी व अस्वस्थता कमी झाल्याचे नोंदवले. हे अद्याप प्रयोगाच्या पायरीवर आहे.

इन्शुलिन : टाइप १ मधुमेह असलेली काही मुले वजन उतरावे म्हणून इन्शुलिनचा डोस मुद्दाम चुकवतात. यात काही दिवसांत जीव जाऊ शकतो. अशा मुलाचे वजन एकाएकी घटले आणि साखर सतत वाढलेली राहिली, तर हे विचारून पाहावे.

जीएलपी-१ सारखी इंजेक्शने : मधुमेह व अति लठ्ठपणा यांसाठी ही उपयोगी आहेत, पण भूक मारतात. खाण्याचा आजार असलेल्याने किंवा होऊन गेलेल्याने ती डॉक्टरांना पूर्वेतिहास सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

वजन वाढवण्याच्या पुड्या : बाजारात खुल्या मिळणाऱ्या अशा पुड्यांत व गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते, असे अनेकदा आढळले आहे. गाल फुगतात, पण हाडे आणि प्रतिकारशक्ती ढासळते. त्यांना घरात थारा देऊ नये.

मनावरच्या औषधांचेही असेच आहे. फ्लुऑक्सेटिन हे औषध बुलिमियात उपयोगी पडते. पण वजन सावरलेल्या अ‍ॅनोरेक्सिया रोग्यांत ते आजार परत येणे रोखत नाही, असे २००६ सालच्या एका काटेकोर अभ्यासात दिसले.

सारांश, अ‍ॅनोरेक्सियात संप्रेरके बिघडतात ती मुख्यतः उपासमारीमुळे, आणि बिघडल्यावर तीच आजाराला धरून ठेवतात. हे चक्र तोडण्याचे खात्रीचे औषध म्हणजे नियमित, पुरेसे अन्न आणि त्याच्या जोडीला मनाचा उपचार. पुरेसे वजन काही महिने टिकले, की बहुतेक मुलींची पाळी आपोआप परतते.

पहिले घास सांभाळून

मात्र एक धोका प्रत्येकाने ध्यानात ठेवावा. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर, विशेषतः गोड व पिठूळ अन्न देऊ नये. अन्न पोटात पडताच इन्शुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढून नेते. खताच्या पोत्यावर आपण ज्यांना स्फुरद आणि पालाश म्हणून ओळखतो, तीच ही द्रव्ये. जमिनीत नत्र ओतले पण स्फुरद-पालाश नसले, तर पीक एकदम माजते आणि लोळते. माणसात हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास लागतो, पाय सुजतात, भ्रम होतो आणि मृत्यूही येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेले काही उपाशी कैदी पोटभर जेवण मिळाल्यावर दगावले, ते याच कारणाने. म्हणून फार खंगलेल्या रोग्याचे पहिले आठवडे रुग्णालयातच गेलेले बरे. तेथे रक्त तपासून, बी-१ जीवनसत्त्व देऊन अन्न पायरीपायरीने वाढवतात.

घरच्यांनी काय करावे?

१९८०च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात एक उपचारपद्धती तयार झाली. तीत आई-वडिलांना दोषी न ठरवता त्यांच्याच हाती मुलाला भरवण्याची जबाबदारी देतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लहान वयात आणि थोड्या काळापूर्वी आजार सुरू झालेल्या रोग्यांना याचा चांगला गुण आला. एकत्र कुटुंबात राहणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत परकी वाटू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरात पुढील गोष्टी पाळता येतील :

१. दिवसातून तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा फराळ, ठरल्या वेळी. ताट आईने किंवा वडिलांनी वाढावे. किती खायचे याची घासाघीस मुलीशी करू नये.

२. जेवताना कोणीतरी शेजारी बसावे आणि नंतर तासभर सोबत राहावे. ओकण्याची सवय असेल तर हे फार महत्त्वाचे. वारंवार ओकण्याने पोटॅशियम घटून हृदय थांबू शकते, दातही झिजतात.

३. दूध, दही, अंडी, मासे, शेंगदाणे, तूप घातलेला डाळभात, नाचणीची आंबील हे घरचेच अन्न पुरे. महागड्या डब्यांची गरज नाही.

४. ओरडणे, मारणे, शपथा घालणे, भावंडांशी तुलना करणे सोडून द्यावे. शांतपणे, पण न ढळता सांगावे, "हे तुझे औषध आहे, आणि मी तुझ्यापाशी बसलो आहे."

५. कोणाच्याही अंगावरून 'जाडी', 'काडी' असे शब्द वापरू नयेत, थट्टेतसुद्धा नाही.

६. मूर्च्छा येणे, छातीत धडधड, नाडी पन्नासच्या खाली जाणे, पायांवर सूज, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उपवासाविषयी दोन शब्द

आपल्या श्रद्धेत उपवासाला स्थान आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. १९८३च्या धर्मसंहितेनुसार उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंतच आहे, आणि तेही राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार या दोन दिवसांपुरते. आजारी माणसाला, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या आईला ते लागू होत नाही. खाण्याचा आजार असलेली व्यक्ती आजारीच आहे. तिने उपवास केला तर तो त्याग ठरत नाही. आजार भक्तीचे पांघरूण घेऊन येतो. सिएनाच्या संत कॅथरीन केवळ तेहतीस वर्षे जगल्या आणि अखेरच्या वर्षांत त्या जवळजवळ काहीच खाऊ शकत नव्हत्या. त्यांना खाण्याचा आग्रह त्यांच्या निकटच्या लोकांनीच केला होता. शेकडो वर्षांपूर्वीच्या संताच्या आजाराचे निदान आज कोणी करू शकणार नाही. पण आपल्याला त्यांच्या सेवेचे आणि धैर्याचे अनुकरण करायचे आहे, अन्नत्यागाचे नव्हे. उपवासकाळात एखादे मूल गरजेपेक्षा जास्त कडक राहू लागले आणि ईस्टर झाल्यावरही जेवणाकडे परतले नाही, तर कृपया पाळकांना आणि डॉक्टरांना कळवा. अशा मुलाला माझ्याकडून उपवासाऐवजी आजीजवळ रोज अर्धा तास बसणे, शेजारच्या आजाऱ्याला भेटणे, असेच व्रत मिळेल.

मदत कोठे मिळेल?

प्रथम आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन, नाडी, रक्तदाब आणि रक्त तपासून घ्यावे. नंतर मानसोपचार तज्ज्ञाकडे जावे. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. बेळगाव भागातील लोकांना धारवाडची मानसिक आरोग्य संस्था जवळ आहे, गोव्यातील लोकांना बांबोळीची मनोरुग्ण संस्था. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेत १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही सल्ला मिळतो. क्रमांक लिहून घरातल्या सर्वांना दिसेल अशा जागी लावून ठेवा.

बरे होण्यास महिने नव्हे, पुष्कळदा वर्षे लागतात. मध्येच आजार उलटतो, तेव्हा घरची माणसे खचतात. अशा वेळी आजारी मुलीइतकीच तिच्या आईची विचारपूस करा. तिच्या घरचे चार दिवसांचे काम वाटून घ्या, भात कापणीला दोन हात जास्त द्या, म्हणजे तिला मुलीच्या ताटाशी निवांत बसता येईल. औषधपाण्याच्या खर्चासाठी किंवा डॉक्टरांकडे सोबतीसाठी कोणाला अडचण असेल, तर रविवारच्या मिस्सेनंतर संकोच न करता येऊन भेटावे. बोललेले माझ्यापाशीच राहील.